संशयाची शंका कशी करावी

मराठीत शंका विचारतात आणि संशय घेतात. शंका दुसऱ्यापुढे ठेवता येते आणि जाणत्या माणसाला ती फेडताही येते. संशय मात्र मनात धरला जातो आणि धरून ठेवावा तितका वाढतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील आपल्या ख्रिस्ती घरांत विश्वास डळमळला की माणसे बहुधा संशयातच अडकतात. संशय न धरता मागावे, हे याकोबाच्या पत्रातील वचन संडे स्कूलमध्येच पाठ झालेले असते. पण प्रश्न कोणाला आणि कसा विचारावा हे सहसा कोणी शिकवलेले नसते. ज्याच्या मनात पाल चुकचुकली आहे त्याने काय करावे, ते अनुभवाला आले तसे येथे लिहीत आहे.

पहिले काम कागदावर करावे. मनात असते ते वाक्य फार मोठे आणि धूसर असते, त्यामुळे ते लिहून लगेच त्याच्याखाली तेच अधिक नेमके लिहावे, आणि जमेल तितक्या वेळा ते पुन्हा करावे. मी तेवीस वर्षांचा असताना माझ्या वहीत पहिली ओळ होती, ‘प्रार्थनेचा उपयोग नाही.’ तिच्याखाली लिहिले, ‘देव माझे ऐकत नाही.’ त्यानंतर दोन दिवस काहीच सुचले नाही. मग तिसरी ओळ उतरली : ‘बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात मी जे मागितले ते मिळाले नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला, ज्याच्यासाठी कोणीही गुडघे टेकले नव्हते, ते मिळाले.’ पहिल्या ओळीला कोणी उत्तर देऊ शकत नव्हते. तिसरी ओळ घेऊन मात्र मला पाळकसाहेबांच्या घरी जाता आले. त्यांच्याकडेही उत्तर नव्हते, पण त्यांनी वही हातात घेऊन ती ओळ दोनदा वाचली आणि पुढच्या बुधवारी पुन्हा यायला सांगितले.

नेमका प्रश्न हाती आला की तो कोठून आला हे पाहावे, कारण त्यावरून तो कोणाकडे न्यायचा ते ठरते. शुभवर्तमानांतील वृत्तांत एकमेकांशी का जुळत नाहीत, उत्पत्तीचे सहा दिवस आणि भूगर्भशास्त्र यांचे काय करायचे, असे प्रश्न अभ्यासाचे आहेत. ते वाचलेल्या माणसालाच विचारावेत, आणि उत्तर देणाऱ्याने ‘असे प्रश्न विचारू नयेत’ म्हटले तर दुसरा माणूस शोधावा. मंडळीतील भांडण, जमिनीचा वाद, कमिटीच्या निवडणुकीतील राजकारण पाहून मन उडाले असेल, तर तो रोष माणसांवरचा आहे, आणि तो देवाच्या नावावर जमा करू नये. तिसरा प्रकार शरीराचा असतो आणि आपल्याकडे तो हमखास नजरेआड होतो. झोप, भूक आणि कामातील रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव आहे असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

प्रार्थना थांबवू नये, पण तिचे शब्द बदलावेत. जे वाटत नाही ते वाटत असल्यासारखे बोलत राहिल्याने प्रार्थना आतून पोकळ होते. स्तोत्रसंहिता या कामी फार उपयोगी आहे : तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत मूळ हिब्रूमध्ये ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी स्तुतीचे कडवे जोडलेले नाही. ही स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. दुसरे काही सुचत नसेल तर तेवढीच वाचावीत. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ आपल्या मराठी भाषांतरात ‘घालवून टाका’ आहे, मूळ ग्रीकमध्ये ‘माझ्या अविश्वासाला साहाय्य कर’ असा शब्द आहे. मला हा मूळचा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण त्या बापाने अविश्वास घरी ठेवून येण्याचा प्रयत्न केला नाही, मुलाबरोबर तोही आणला. येशूने त्याला परत पाठवले नाही आणि मुलगाही बरा केला.

सीमाभागात राहण्याचा येथे एक फायदा आहे. आपल्या घरांत सासू मराठी उपासनेला आणि सून कन्नड उपासनेला जाते, आणि दोन्ही पवित्र शास्त्रे एकाच कपाटात असतात. अडलेले वचन दोन्हींत वाचून पाहावे. विश्वासासाठी असलेल्या कन्नडमधील ‘नंबिके’ या शब्दात भरवसा टाकण्याचा अर्थ ठळक आहे; ‘मी अमुक गोष्टी खऱ्या मानतो का’ या प्रश्नाशी कुस्ती खेळून थकलेल्या माणसाला ‘मी कोणावर भार टाकून उभा आहे’ हा प्रश्न तेथे सापडतो. परक्या वाटणाऱ्या भाषेत पाठ झालेले वचन नव्याने ऐकू येते, हा लाभ वेगळाच.

रविवारची जागा सोडू नये. थोमाला आपण ‘संशयी’ म्हणतो, पण योहानाच्या विसाव्या अध्यायात, प्रभूला पाहिले असे इतरांनी सांगितल्यावर ज्याचा विश्वास बसला नाही तोच थोमा आठ दिवसांनंतर त्याच शिष्यांबरोबर त्याच घरात बसलेला दिसतो. तो निघून गेला नाही आणि त्यांनीही त्याला काढले नाही. गाता येत नसेल तर गाऊ नये, पण बाकावर बसावे.

घाई करू नये, हे सांगताना मला बेळगावचाच माणूस आठवतो. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांचा जन्म 1831 साली येथे झाला आणि लंडन मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत गेल्यावर ते जातिभेद न मानणाऱ्या सुधारकांच्या, गुप्तपणे भरणाऱ्या परमहंस सभेत जात असत. अनेक वर्षे वाचन, वाद आणि घालमेल झाल्यावर 1854 मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंचा क्रम याच्या उलट आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. एकाचे प्रश्न बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या अलीकडे संपले, दुसरीचे पलीकडेही चालू राहिले.

घरच्यांनी काय करावे, याबद्दल थोडेसे. मुलाने किंवा सुनेने शंका बोलून दाखवली तर ती पुढच्या घरसभेत प्रार्थनेचा विषय म्हणून जाहीर करू नये. तसे एकदा झाले की ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. यहूदाच्या पत्रात संशयात असणाऱ्यांवर दया करा असे सांगितले आहे, आणि घरात दया म्हणजे बहुतेक वेळा चहा ठेवणे आणि मध्ये न बोलणे. शोक झालेल्या घरी ‘देवाची इच्छा’ हे शब्द निदान पहिल्या महिन्यात उच्चारू नयेत.

खानापूरकडच्या माझ्या आत्याचा थोरला मुलगा ऐन पावसात गेला, तेव्हा हे शब्द तिला दिवसातून दहा वेळा ऐकावे लागले. त्यानंतर दीड वर्ष ती दर रविवारी खांबाजवळच्या आपल्या जागेवर बसत असे आणि गीतांचे पुस्तक मांडीवर मिटून ठेवत असे. शेजारी बसणाऱ्या बाईंनी तिला एकदाही ‘गा’ म्हटले नाही. त्या आपले पुस्तक दोघींच्या मध्ये उघडे धरत. आता आत्या गाते. मुलाच्या मातीला म्हटलेल्या गीताचे तिसरे कडवे आले की ती थांबते, आणि चौथ्यापासून पुन्हा सूर धरते.