स्मॅश अल्टिमेट (निन्टेन्डो स्विचवरचा मारामारीचा गेम): छोटी उडी मारायला गेलं की मोठीच बसते. माझा उपाय

लक्षण: मारिओचा बॅक एअर (हवेत असताना पाठीमागे मारायचा वार) जमिनीलगत द्यायचा असतो, पण पूर्ण उडी बसते आणि समोरचा खालून निसटतो. वैताग येतो. बटण हलकं दाबून पाहिलं, स्टिकची संवेदनशीलता बदलली. काही फरक नाही. कारण उडीआधीचं वाकणं सगळ्याच पात्रांचं ३ फ्रेमचं (सेकंदाला ६० फ्रेम), म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. बटण तेवढ्यात सुटलं नाही की मोठी उडी.

चाललं ते असं. कंट्रोल्समध्ये स्वतःचं नाव बनवा, टॅप जंप (स्टिक वर ढकलून उडी) बंद करा, आर बटणाला जंप द्या (ग्रॅब, म्हणजे समोरच्याला पकडणं, एलवर राहतोच). आता एक्स (हे मुळातच जंपचं बटण) आणि आर एकदम दाबा: छोटी उडीच बसते, बोट कधीही उचला. मग वारासाठी उजवी स्टिक पाठीकडे, आणि उडीचं टोक ओलांडल्यावर लवकर उतरायला डावी स्टिक झटकन खाली.

जंप आणि अटॅक एकत्र दाबूनही छोटी उडी मिळते, पण वार चढतानाच निघतो. उतरता वार हवा असेल तर तो मार्ग निरुपयोगी. छोट्या उडीतल्या वाराचं नुकसान ०.८५ पट होतं, ते गृहीत धरा.

पात्र निवडताना ते नाव लावायला विसरलात, तर जुनीच बटणं परत येतात.