गॅस गिझरचा धूर: या चुका टाळा

'वास तर येत नाही, मग घाबरायचं कशाला?' गॅस गिझरच्या बाबतीत याहून घातक वाक्य नाही. वास सिलिंडरमधल्या गॅसला असतो, तोही गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. अर्धवट जळण्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून घट्ट चिकटतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गिझर न्हाणीघरातच बसवायचा आणि 'एक्झॉस्ट फॅन आहे ना' म्हणायचं. जरा हिशोब मांडा. मिनिटाला 6 लिटर गरम पाणी देणारा गिझर 10 मिनिटांत साधारण 150 ग्रॅम गॅस जाळतो. त्याला जवळजवळ 2 घनमीटर हवा लागते. 5 बाय 4 फुटांच्या, 8 फूट उंच न्हाणीत हवा असते साडेचार घनमीटर. त्यात थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा, दाराखालच्या फटीत फडकं. पहिल्याची अंघोळ सुरळीत होते. दुसऱ्याला गरगरतं, तर घरचे म्हणतात पित्त झालं असेल. तिसरा आत कोसळतो, आणि कडी आतून लागलेली. फॅन हवा बाहेर फेकतो खरा, पण आत यायला वाट नसेल तर नुसताच फिरतो. गिझरला धुराडं असेल तर आणखी वाईट: फॅन त्याच वाटेने धूर घरात ओढतो.

म्हणून गिझर बाहेर, उघड्या गॅलरीत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. पुढे त्याच गॅलरीला सरकत्या काचा लावल्या, की ती बाहेरची जागा राहिली नाही. हे काचा बसवणारा सांगत नाही.

धुराडं नीट ओढतंय का हे बघायला अगरबत्ती पुरते. दारंखिडक्या बंद करा, स्वयंपाकघराच्या चिमणीसकट सगळे पंखे लावा, गिझर 5 मिनिटं चालवा आणि अगरबत्ती गिझरच्या वरच्या हुडाच्या, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या टोपीच्या, कडेला धरा. धूर हुडात ओढला गेला तर ठीक. तोंडावर आला तर गिझर बंद करा. 'सुरुवातीला होतं असं' हे मिस्त्रीचं उत्तर ऐकून घेऊ नका.

धुराड्याच्या नळीचा व्यास गिझरच्या तोंडापेक्षा कमी नको, घरात लहान पाइप पडून होता म्हणून तर नकोच. आडवी नळी मीटरमागे 2 सेंटिमीटर तरी चढती हवी. एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, जितके कमी तितकं बरं. बाहेरचं तोंड खिडकीखाली काढू नका.

ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर बर्नर साफ करून घ्या. निळी ज्योत म्हणजे मात्र हवा पुरते याची हमी नव्हे.

बऱ्याच गिझरना 20 मिनिटांचा टायमर असतो. तो मिनिटं मोजतो, विषारी वायू नाही. तो मोजायला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो, आणि तो न्हाणीच्या वाफेत नको, लगतच्या खोलीत लावा.