बिशपने सरदाराला दिलेल्या जहागिरीचा करार कसा वाचावा

मध्ययुगीन युरोपात चर्चकडे अफाट जमीन होती आणि राजाला घोडेस्वार हवे होते. इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाने प्रत्येक बिशपवर ठरावीक नाइट (चिलखती घोडेस्वार) पुरवण्याची जबाबदारी टाकली. कँटरबरी, विंचेस्टर आणि लिंकन यांच्यावर प्रत्येकी 60, हेरेफर्डवर 15, डरहॅमवर 10. एवढी माणसे वाड्यात पोसणे परवडत नसे, म्हणून बिशप सरदारांना जमिनी तोडून देत आणि बदल्यात नाइट घेत. त्या व्यवहारांचे करार आज छापील संग्रहांत भाषांतरासह मिळतात, पण पहिल्या वाचनात ते साध्या दानपत्रासारखे भासतात आणि खरी अट नजरेतून सुटते.

सरावासाठी 1085 सालचा एक करार घेऊ. वेल्सच्या सीमेलगतच्या हेरेफर्डचा बिशप रॉबर्ट याने वॉल्टरचा मुलगा रॉजर याला दिलेली ही जमीन.

आधी तारीख पडताळा. या करारात ख्रिस्तजन्माचे वर्ष 1085 आहे आणि सोबत 'आठवे इंडिक्शन' असे लिहिले आहे. इंडिक्शन म्हणजे 15 वर्षांच्या चक्रातला क्रमांक. तो काढायची रीत सोपी आहे: सालात 3 मिळवा, 15 ने भागा, बाकी पाहा, बाकी शून्य आली तर 15 धरा. 1085 अधिक 3 म्हणजे 1088. त्याला 15 ने भागल्यावर बाकी 8 उरते, म्हणजे मेळ बसला. मेळ बसला नाही तर लगेच दस्तऐवज बनावट ठरवू नका. काही पद्धतींत इंडिक्शन सप्टेंबरमध्ये बदलते, त्यामुळे वर्षअखेरच्या कागदात एकाचा फरक पडू शकतो. त्याहून मोठा फरक दिसला तर मात्र नक्कलकाराची चूक किंवा बनावटगिरी, दोन्ही तपासा.

माणूस आणि गाव ओळखा. रॉजरचे आडनाव करारात नाही. जमिनीचे नाव नुसते 'हॅम', आणि या नावाची गावे इंग्लंडभर आहेत. अशा वेळी पुढच्याच वर्षीचे, 1086 चे डूम्सडे बुक, म्हणजे विल्यम राजाने करवलेल्या जमीनपाहणीची नोंदवही, उघडावे. त्यात गाव, जुना धारक आणि सध्याचा धारक दिलेला असतो. हेरेफर्डच्या चर्चच्या जमिनींत हॅम सापडते, आणि बिशपच्या हाताखाली ती धारण करणारा असतो रॉजर द लेसी. केवळ नावाच्या साम्यावर गाव ठरवू नये. धारक, वरचा मालक आणि परगणा, तिन्ही जुळले पाहिजेत.

जमीन कोणाची, ते वेगळे लिहून काढा. बहुतेकांची गल्लत इथे होते. देणारा बिशप असला तरी तो मालक नाही. हॅमची जमीन संत मेरी आणि हुतात्मा एथेलबर्ट यांच्या चर्चची आहे, असे करार स्पष्ट सांगतो. ती आधी बिशपच्या खासगीत, चर्चच्या पोटापाण्यासाठी राखलेली होती, हेही नोंदवतो. म्हणजे दुसऱ्याची जहागीर काढून दिलेली नाही, चर्चच्या ताटातलीच दिली आहे. पुढच्या सगळ्या अटी इतक्या कडक का आहेत, ते या एका वाक्यावरून कळते.

मग मोबदला. रॉजरने मित्रांकरवी जमीन मागितली आणि पैसेही देऊ केले. बिशपने आपल्या माणसांच्या सल्ल्याने ती दिली ती सेवेच्या बोलीवर: गरज पडेल तेव्हा दोन नाइट, जसे रॉजरचे वडील देत असत. चर्चची जमीन विकल्याचा ठपका कोणालाही नको असे. पैशाचा उल्लेख करून व्यवहार मात्र सेवेवर झाल्याचे लिहून ठेवण्यामागे तेच कारण असावे. राजाला द्यायच्या 15 पैकी दोन, म्हणजे आठव्या हिश्शाहून थोडे जास्त ओझे रॉजरवर गेले. हे प्रमाण प्रत्येक करारात काढून पाहावे, जहागिरीचे वजन त्यातूनच कळते.

त्याच कागदात ऑनिबरी ही दुसरी जमीन आहे, पण तिथे नाइट नाहीत, वर्षाला 20 शिलिंग खंड आहे. म्हणून एका कागदात एकच प्रकारचा व्यवहार असेल असे धरून चालू नका. पैशांचा हिशेब करताना लक्षात ठेवा: हातात फिरणारे नाणे चांदीची पेनी. शिलिंग (12 पेनी), मार्क (160 पेनी) आणि पौंड (240 पेनी) ही मोजणीची मापे. 20 शिलिंग म्हणजे एक पौंड, 240 नाणी.

काय राखून ठेवले ते शोधा. हॅमच्या जंगलातून सरपण आणि घरदुरुस्तीचे लाकूड घेण्याचा, तसेच डुकरे चारण्याचा हक्क बिशपने आपल्या माणसांसाठी ठेवला आहे. अशी कलमे कंटाळवाणी वाटतात, पण गावाचा खरा व्यवहार त्यांतच दिसतो.

मुदतीचे कलम शब्दशः उतरवून घ्या. सगळ्या करारात मोलाचा भाग हाच. रॉजर वारला किंवा मठात गेला तर त्याची आई, पत्नी, मुलगे, भाऊ, कोणाही नातलगाचा या जमिनीवर हक्क राहणार नाही. ती बिनतक्रार बिशपकडे परत येईल. लॅटिन मजकूर समोर असेल तर 'सिबी एत हेरेदिबुस सुइस', म्हणजे 'त्याला आणि त्याच्या वारसांना', हे शब्द आहेत का ते पाहा. असतील तर जमीन वंशपरंपरेने गेली. हॅमच्या करारात नेमके याच्या उलट लिहिले आहे.

एवढी काळजी अनुभवातून आली होती. वूस्टरचा बिशप ऑस्वल्ड याने 961 ते 992 या काळात अनेक जमिनी तीन पिढ्यांच्या मुदतीने दिल्या. तिसऱ्या धारकानंतर त्या चर्चकडे यायच्या होत्या, पण पुष्कळ जमिनी परत आल्याच नाहीत. तीन पिढ्या कसणाऱ्या घराला ती जमीन आपलीच वाटू लागते, आणि मूळ करारातले साक्षीदार तोवर हयात नसतात.

साक्षीदार गटागटाने मांडा. 1085 च्या करारात अर्ल (बडा उमराव) रॉजर आणि त्याचा मुलगा ह्यू यांसारखे बडे लोक आहेत; हा रॉजर वेगळा, जमीन घेणारा नव्हे. त्यानंतर बिशपकडचे धर्मगुरू आणि गृहस्थ, मग जमीन घेणाऱ्या रॉजरची माणसे. वादाच्या वेळी कोण कोणाच्या बाजूने बोलेल, याची ती यादीच आहे. एकाच बाजूचे साक्षीदार असतील तर करार कमकुवत समजावा.

शेवटी, अट पाळली गेली का ते तपासा. करारावर थांबणारा वाचक इथे फसतो. जमीन घेणाऱ्या रॉजरने 1095 च्या, राजाविरुद्धच्या बंडात भाग घेतला, तो देशोधडीला लागला आणि त्याच्या जमिनी भाऊ ह्यूकडे गेल्या. करारात भावाचा हक्क स्पष्ट शब्दांत नाकारला होता, तरी हॅमचे नाव आजही लेसी घराण्यावरून होम लेसी आहे. पेशवाईतला सरंजाम फौजेसाठी दिलेला असूनही घराण्यात मुरत गेला, तसेच हे झाले.

हा तपास करायला 1166 ची उत्तरे उपयोगी पडतात. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने प्रत्येक बड्या धारकाला, बिशपांनाही, तीन गोष्टी विचारल्या: 1135 मध्ये राजा पहिला हेन्री वारला तोवर किती नाइटांना जमिनी दिल्या होत्या, नंतर किती दिल्या, आणि किती नाइटांचा भार अजून खासगीवर आहे. तुमच्या करारातले घराणे पहिल्या, 'जुन्या' यादीत सापडले तर हयातीपुरती दिलेली जमीन निदान दोन पिढ्या टिकली असे धरता येते. तिथून पुढे त्या घराण्याच्या वारसांचा माग काढावा.