दूतावासाची सूचना आली की आधी क्रियापद बघा

मुलगा युद्धाच्या छायेतल्या देशात, आपण बडोद्यात. दूतावासाची सूचना घरच्या ग्रुपवर येते आणि रात्रभर एकच वाद: निघायचं की थांबायचं?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आता रीत ठरली आहे.

१. क्रियापद शोधा. ‘सतर्क राहा’, ‘अनावश्यक प्रवास टाळा’, ‘तात्पुरतं निघण्याचा विचार करा’, ‘ताबडतोब निघा’ या चढत्या पायऱ्या समजा. तिसरी आली की तिकीट काढायचं, चौथीची वाट बघत बसायचं नाही. कीव्हच्या भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ ला नेमकी तिसरी पायरी सांगितली होती. २४ ला युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. मध्ये फक्त नऊ दिवस!

२. दूतावासात नावनोंदणी. खोली बदलली की पुन्हा.

३. पासपोर्ट क्रमांक, तिथला पत्ता आणि दूतावासाचा आपत्कालीन नंबर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. अक्षर मोठं काढा, आईचा चष्मा ऐनवेळी कधीच सापडत नाही.

फॉरवर्ड आलेली सूचना मात्र तारखेसकट दूतावासाच्या वेबसाइटवर ताडून पाहा. आमच्याकडे एकदा वर्षभर जुनी सूचना फिरत होती, आणि आत्या रडत होत्या.