जीबीए फ्लॅश कार्टवरचे सेव्ह उडतायत? या चुका टाळा

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या (जीबीए) फ्लॅश कार्टवर, म्हणजे मेमरी कार्डवरचे गेम चालवणाऱ्या कार्ट्रिजवर, पोकेमॉन एमराल्ड महिनाभर खेळलात, सात बॅजेस झाले, आणि एक दिवस चालू केलं तर स्क्रीनवर फक्त न्यू गेम. लोक लगेच कार्ट भंगार आहे म्हणून मोकळे होतात पण बऱ्याचदा घोळ वेगळाच असतो. गेमने सेव्ह झालं म्हटलं की मेमरी कार्डवर फाईल लिहिली गेली असं आपण धरून चालतो, आणि तसं नसतं.

ईझी-फ्लॅश फोर किंवा ओमेगा या कार्टवर गेम सेव्ह करतो तो कार्टमधल्या छोट्या एसरॅम चिपवर. पॉवर बंद झाली की ती चिप आतल्या बटन सेलवर तग धरते, आणि पुढच्या वेळी कन्सोल चालू करून कार्टचा मेन्यू आला की मगच तो डेटा मेमरी कार्डच्या सेव्हर फोल्डरमध्ये कॉपी होतो. म्हणजे खेळून झालं, बंद केलं, लगेच कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि बॅकअप घेतला तर तो आजचा नाहीच, मागच्या वेळचा आहे! सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात कारण फाईल तर दिसते, मग शंका कशाला येईल. म्हणून खेळ संपला की बंद करा, परत चालू करा, मेन्यू पूर्ण येऊ द्या, सेव्हिंगचा मेसेज जाऊ द्या, मग बंद करून कार्ड काढा. तो मेसेज असताना पॉवर बंद करणं तर अजिबात नको. गेम बॉयच्या एव्हरड्राइव्ह एक्स३ मध्ये सेव्हसाठी सेलच नाहीये, तिथे बंद करण्याआधी कार्टवरचं रिसेट बटण दाबावंच लागतं.

आता सेलचं. सेल मेला की सेव्ह बंद करताक्षणी जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वेळी चालू केल्यावर चिपमधला रिकामा डेटा कार्डवरच्या जुन्या चांगल्या फाईलवर चढू शकतो. त्यामुळे सेव्ह गायब दिसला की पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघत बसू नका, आधी कार्ड काढून सेव्हर फोल्डर आहे तसा कॉपी करून ठेवा. शंका असेल तर एखाद्या बिनमहत्त्वाच्या गेममध्ये सेव्ह करा, रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी बघा. सेल बदलताना टॅबवाला (धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला) सेल घ्या, साध्या सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवू नका. ओमेगा डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये सेव्हसाठी एफरॅम प्रकारची चिप आहे, तिला डेटा धरून ठेवायला सेल लागत नाही, नवीन घेणाऱ्याला मी तरी तेच सुचवेन.

फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्डमध्ये 'वन एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड' असा मेसेज येतो, तो बघून लोक कार्ट उघडायला निघतात. काही उघडू नका. या गेम्सना १२८ केबी फ्लॅश सेव्ह लागतो आणि सेटिंग ६४ केबीवर आहे एवढाच त्याचा अर्थ, मेन्यूमधून सेव्ह टाइप बदला. जीबीएमध्ये ईईप्रॉम (५१२ बाइट किंवा ८ केबी), एसरॅम (३२ केबी) आणि फ्लॅश (६४ किंवा १२८ केबी) असे प्रकार असतात, साइज चुकली की सेव्ह अर्धवट लिहिला जातो किंवा लिहिलाच जात नाही.

एमुलेटरवरून (कॉम्प्युटरवर किंवा फोनवर हे गेम चालवणारा प्रोग्रॅम) सेव्ह आणतानाही साइज बघा. १२८ केबी म्हणजे बरोबर १,३१,०७२ बाइट, पण घड्याळवाल्या गेमला एमजीबीए हा एमुलेटर शेवटी १६ बाइट जास्तीचे जोडतो, ते १,३१,०८८ होतात. एखाद्या कार्टला ते चालत नसेल तर हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले बाइट थेट बदलायचा प्रोग्रॅम) शेवटचे १६ बाइट कापायचे, अर्थात कॉपीवर.

रोमचं, म्हणजे गेमच्या फाईलचं, नाव बदललं तर सेव्हचंही तसंच बदला, नाहीतर कार्टला तो सापडत नाही आणि नवीन कोरी फाईल तयार होते. निन्टेन्डो डीएसच्या आर४ या फ्लॅश कार्टलाही हेच लागू, तिथे .एसएव्ही फाईल साधारण गेमच्या शेजारीच असते. आणि जुन्या मूळ आर४ मध्ये २ जीबीपेक्षा मोठं कार्ड घालू नका, ते एसडीएचसी (२ जीबीपेक्षा मोठी कार्डं) ओळखतच नाही.

सेव्ह स्टेटवर, म्हणजे खेळाच्या त्या क्षणाची कार्टने घेतलेली नोंद, तिच्यावर विसंबणं मला पटत नाही. ती त्या कार्टच्या त्या फर्मवेअरपुरती असते, अपडेट केल्यावर उघडेलच असं नाही. गेममधला सेव्ह मात्र कार्टवरून एमुलेटरवर, एमुलेटरवरून दुसऱ्या कार्टवर कुठेही नेता येतो, म्हणून स्टेट वापरली तरी उठताना गेममधूनही सेव्ह कराच.

पोकेमॉनच्या या जीबीएवरच्या पिढीत गेम दोन सेव्ह आळीपाळीने ठेवतो. 'सेव्ह फाईल इज करप्टेड, प्रीव्हियस सेव्ह फाईल विल बी लोडेड' असं आलं तर घाबरू नका, शेवटचं एखादं सेव्ह गेलंय, बाकी सगळं आहे. फक्त पुढे खेळण्याआधी फाईल कॉपी करा आणि कार्ड एचटूटेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने तपासा, कारण स्वस्तातली नकली कार्डं ६४ जीबी सांगतात आणि आत भरतं त्याच्या निम्मंही नाही. तपासताना कार्डवरचं सगळं आधी लॅपटॉपवर काढा, मग फॅट३२ फॉरमॅट करून परत भरा.