जड आयनांचा पेशींवरील परिणाम मोजताना या चुका टाळा

एक्स-किरणांवर काम करण्याची सवय असलेला संशोधक कार्बनच्या किंवा लोहाच्या आयनझोताकडे वळतो, तेव्हा त्याच्या बहुतेक चुका एकाच गृहीतकातून जन्माला येतात: ग्रेमध्ये (दर किलोग्रॅमला शोषलेल्या ऊर्जेच्या एककात) मात्रा सारखी असली की पेशीची हानीही सारखीच होणार. एक्स-किरणांची १ ग्रे मात्रा पेशीच्या केंद्रकात बऱ्यापैकी समान पसरते, तर जड आयन आपली ऊर्जा स्वतःच्या मार्गाभोवतीच्या अरुंद पट्ट्यात ओततो. त्यामुळे तिथे डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर एकमेकांच्या जवळ अनेक घाव पडतात आणि पेशीला ते नीट सांधता येत नाहीत.

यातून पहिली अडचण उद्भवते ती कमी मात्रेच्या प्रयोगांत. दर मायक्रोमीटरला १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडणारा आयन घेतला आणि केंद्रकाचे क्षेत्रफळ १०० चौरस मायक्रोमीटर धरले, तर एकच आयन आरपार गेल्याने केंद्रकाला सुमारे ०.१६ ग्रे मात्रा मिळते. म्हणजे ०.१६ ग्रे देताना प्रत्येक केंद्रकामागे सरासरी एक आयन येत असला, तरी पॉसाँ वितरणानुसार (यादृच्छिक घटनांच्या संख्येच्या गणितानुसार) सुमारे ३७ टक्के केंद्रकांना एकही आयन लागलेला नसतो. अशा वेळी जगलेल्या पेशींना ‘प्रतिरोधक’ ठरवणे घाईचे होते, कारण त्यांतल्या कित्येकींना झोताचा स्पर्शच झालेला नसतो. म्हणून निष्कर्ष लिहिताना केवळ ग्रे न देता दर चौरस सेंटिमीटरला किती आयन पडले तेही द्यावे. वरील उदाहरणात १ ग्रेसाठी ही संख्या सुमारे ६२ लाख येते.

सापेक्ष जैविक परिणामकारकता, म्हणजे आरबीई (तोच परिणाम घडवायला एक्स-किरणांची मात्रा आयनाच्या मात्रेच्या किती पट लागते ते), हा आयनाचा स्थिर गुणधर्म मानण्याची चूक तर अनुभवी लोकही करतात. ती पेशीच्या प्रकारावर, मात्रेवर, तुलनेसाठी घेतलेल्या किरणांवर आणि कोणता परिणाम मोजला यावर बदलते, त्यामुळे ‘१० टक्के पेशी जगण्याच्या पातळीवर’ असा उल्लेख नसलेला आरबीईचा आकडा माझ्या मते निरुपयोगी आहे. शिवाय ऊर्जेची दाटी वाढेल तशी परिणामकारकता वाढतच जाते असेही नाही. साधारण १०० ते २०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति मायक्रोमीटर या टप्प्यानंतर ती उतरते, कारण पेशी मारायला लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा एकाच पेशीत वाया जाते.

झोताच्या पल्ल्याकडे दुर्लक्ष झाले तर सगळी आकडेमोड व्यर्थ ठरते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमधील पेलेट्रॉन या कणवेगवर्धकासारख्या यंत्रातून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या कार्बन आयनाचा पाण्यातील पल्ला सुमारे १०० मायक्रोमीटर असतो. त्यातही निर्वातातून बाहेर पडताना लागणारी खिडकी, हवेचा थर आणि पेशींवर उरलेले माध्यम हे सारे त्याची ऊर्जा खातात, म्हणून एलईटी, म्हणजे मार्गाच्या दर मायक्रोमीटरला सोडली जाणारी ऊर्जा, पेशीच्या पृष्ठभागापाशी काढावी, यंत्राच्या तोंडाशी नव्हे. माध्यम काढून टाकल्यास पेशी सुकतात. त्यामुळे झोत न दिलेल्या नियंत्रण पेशींनाही तितकाच वेळ त्याच अवस्थेत ठेवले पाहिजे, एरवी सुकण्याने मेलेल्या पेशी आयनाच्या खात्यात जमा होतात. उच्च ऊर्जेच्या झोतात अडचण निराळी असते: कार्बनचे तुकडे होऊन हलके आयन ब्रॅग शिखराच्या, म्हणजे मार्गाच्या शेवटी आयन सर्वाधिक ऊर्जा सोडतो त्या जागेच्या, पुढेही पोहोचतात, त्यामुळे शिखरापलीकडे मात्रा शून्य धरता येत नाही.

गुणसूत्रांतील विकृती एकाच ठरावीक वेळी मोजल्या, तर जड आयनांचा परिणाम कमी दिसतो. सर्वाधिक इजा झालेल्या पेशींचे विभाजन रेंगाळते आणि नमुना घेताना त्या अजून विभाजनापर्यंत आलेल्याच नसतात. यावर उपाय म्हणजे अनेक वेळांचे नमुने घेणे, किंवा गुणसूत्रांचे अकाली संघनन घडवून विभाजनाची वाट न पाहता मोजणी करणे.

गॅमा-एच२एएक्सचे (डीएनए तुटलेल्या जागी खूण करणाऱ्या प्रथिनाचे) ठिपके मोजतानाही असाच घोळ होतो. झोत पेशीवर सरळ वरून आला, तर त्याच्या मार्गावरचे सगळे तुटलेले धागे सूक्ष्मदर्शकात एकावर एक येऊन एकच मोठा ठिपका दिसतो, आणि ठिपके कमी म्हणजे हानी कमी असा उलटा निष्कर्ष निघतो. मात्रेच्या मानाने ठिपके फारच थोडे येत असतील, तर ठिपके रंगवणाऱ्या अभिकर्मकावर शंका घेण्याआधी पेशींची काच झोताच्या जवळपास समांतर ठेवून पाहावी. मग तोच मार्ग ठिपक्यांच्या रेषेसारखा पसरलेला दिसतो.