सिमसिटी 4 मध्ये सतरा मजली इमारत कशी उभी राहते

जळगावच्या माणसाला उंच इमारत म्हटली की महापालिकेची ‘सतरा मजली’च आठवते. सिमसिटी 4 या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममधल्या माझ्या शहरात तशी एक तरी इमारत उभी राहावी म्हणून मी खूप दिवस घालवले. रस्ते झाले, शाळा झाल्या, तिजोरीत पैसा होता, तरी बैठी घरं आणि दुमजली दुकानं यापुढे गाडी सरकेना. कोणी नवीन खेळायला बसला की तोही हेच विचारतो, ‘भो, मोठी बिल्डिंग का येत नाही?’ म्हणून जे हाताला लागलं ते क्रमाने सांगतो.

हा गेम मॅक्सिसचा, 2003 सालचा. ‘रश अवर’ हा त्याचा जोडभाग (एक्सपान्शन) ज्यात आहे ती डिलक्स आवृत्ती घ्या. जुन्या डेस्कटॉपवरही चालते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: इथे आपण इमारत बांधत नाही. आपण घरं, दुकानं, कारखाने यांसाठी जमीन आखून देतो, म्हणजे झोन टाकतो; बांधायचं की नाही ते बिल्डर ठरवतो. त्याला परवडेल अशी परिस्थिती तयार करणं एवढंच आपलं काम.

सुरुवात विरळ झोनने

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, मीही चुकलो. पहिल्याच दिवशी सगळीकडे जास्त दाटीचा झोन टाकला. तो महाग असतो, आणि मागणीच नसल्यामुळे त्यावरही छोटी घरंच आली. आधी कमी दाटीचा झोन आखा, त्याला पाण्याचीही गरज नसते. वीज द्या, रस्ता द्या, पहिले कारखाने वस्तीपासून लांब एका कोपऱ्यात ठेवा. वस्ती भरली आणि कशाची किती मागणी आहे ते दाखवणारे खांब वरच राहिले, की त्याच जमिनीवरून आधी मध्यम आणि मग जास्त दाटीचा झोन ओढा. जुनी घरं पाडावी लागत नाहीत. वेळ आली की बिल्डर स्वतःच पाडून नवीन बांधतो.

मग पाणी

मध्यम आणि जास्त दाटीच्या इमारतींना नळाचं पाणी लागतं. ते नसेल तर झोन कितीही दाट करा, बैठ्या घरांपुढे काही जात नाही. वाघूर धरण भरलं की नाही याची बातमी रोज वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. पाण्याचा नकाशा उघडा आणि पाइपाच्या टप्प्यात न येणारे कोपरे शोधा. बहुतेक वेळा अडलेली वस्ती तिथेच सापडते. पंप धूर सोडणाऱ्या कारखान्यांजवळ ठेवू नका, खालचं पाणी नासलं की पंप बंद पडतो.

प्लॉटचं तोंड कुठे आहे ते पाहा

गेमचा एक चौकोन 16 मीटरचा. मोठ्या इमारतीला असे तीन-चार चौकोन रुंद आणि तेवढेच खोल प्लॉट लागतात. धुळ्याच्या जुन्या गावातल्या गल्ली नंबर 4, गल्ली नंबर 5 मला आवडतात म्हणून मी गेममध्ये तशाच जवळजवळ समांतर गल्ल्या काढल्या होत्या. दिसायला सुरेख, पण दोन गल्ल्यांमध्ये दोनच चौकोन जागा उरली आणि त्यात टॉवर मावणार कुठून? झोन ओढताना प्रत्येक प्लॉटवर छोटा बाण दिसतो. तो बाण ज्या रस्त्याकडे, तिकडे इमारतीचं तोंड. शेजारशेजारच्या प्लॉटचे बाण एकाच रस्त्याकडे असतील तर गेम ते प्लॉट जोडून एक मोठा प्लॉट करू शकतो. एक बाण पुढच्या रस्त्याकडे, दुसरा मागच्या बोळाकडे असेल तर ते कधी एक होत नाहीत. मी दोन रस्त्यांमध्ये आठ चौकोन सोडतो, म्हणजे दोन्हीकडून चार-चार चौकोन खोल प्लॉट पडतात. शहराच्या मधोमध गल्ली काढू नका, रस्ता किंवा दुहेरी हमरस्ता काढा. टॉवर आला की गल्लीला ती गर्दी झेपत नाही.

मागणी कोणाची आहे?

हिरवा खांब राहत्या घरांचा, निळा व्यापाराचा, पिवळा उद्योगाचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण सविस्तर तक्ता उघडा. त्यात गरीब, मध्यम आणि श्रीमंत अशा वर्गांची मागणी वेगवेगळी दिसते. पहिल्या उंच राहत्या इमारती माझ्याकडे नेहमी कमी उत्पन्नाच्या लोकांच्या आल्या आणि त्यात काही वावगं नाही. काचेचे ऑफिस टॉवर हवे असतील तर लोक शिकलेले लागतात, म्हणून शाळा, वाचनालय, कॉलेज यांवर पैसा लावा. त्याला वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

कधी मागणी वाढत वाढत एका जागी ठप्प होते. ती गेमने घातलेली मर्यादा असते. राहत्या भागात बागा, मैदानं वाढवली की ती वर सरकते. व्यापार-उद्योगासाठी शेजारच्या शहरांशी जोडणी आणि विमानतळ उपयोगी पडतात. कर सुरुवातीला 9 टक्के असतो. जो वर्ग हवा त्याचाच थोडा कमी करा, सगळ्यांचा नको.

खरी किल्ली अपडाऊनमध्ये आहे

इथवरचं सगळं करूनही माझं शहर पाच-सहा मजल्यांवर अडलं होतं. कारण मी एकच शहर खेळत होतो. कोणत्या आकाराची इमारत येऊ शकते हे ठरवताना गेम फक्त तुमच्या शहराची नाही, शेजारशेजारची शहरं मिळून बनलेल्या अख्ख्या प्रदेशाची लोकसंख्या पाहतो. आजूबाजूच्या शहरांच्या जागा रिकाम्या असतील तर मधल्या शहरात गगनचुंबी इमारत येणं फार अवघड.

आपल्याकडे भुसावळला राहून जळगावला अपडाऊन करणारे किती आहेत! पाचोऱ्याचे आहेत, अमळनेरचे आहेत. त्यांच्या जिवावर जळगावचा बाजार भरतो. गेममध्येही हेच करायचं. मी मधल्या शहराला जळगाव नाव दिलं, शेजारी भुसावळ वसवलं, त्यात नुसती घरं आणि थोडे कारखाने. रस्ता आणि रेल्वे दोन्ही सीमेपार नेऊन जोडले. स्टेशन दोन्हीकडे हवं, आणि घरांपासून, कामाच्या जागेपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर हवं. नाहीतर रूळ रिकामे पडून राहतात.

दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही एका शहरात असताना दुसऱ्या शहराचा काळ थांबलेला असतो. म्हणून भुसावळ काही वर्षं चालवा, सेव्ह करा, मग जळगाव उघडा, पुन्हा परत जा. आणि शहरांची जोडणी गोल करू नका. तीन-चार शहरं वर्तुळात जोडली की नोकरी शोधणारे लोक एका सीमेतून दुसरीत फिरतच राहतात आणि आकडे खोटे फुगतात. मी एका मुख्य शहराला बाकीची फाट्यांसारखी जोडतो.

एखादी इमारत अडली तर

चित्त्याच्या, म्हणजे सगळ्यात जलद वेगावर गेम सोडून देऊ नका. प्रश्नचिन्हाचं साधन घेऊन इमारतीवर क्लिक करा. प्रवासाचा वेळ जास्त आहे, प्रदूषण आहे की पाणी नाही, ते तिथेच कळतं. माझ्या जळगावात चौकातली एक जुनी दुमजली इमारत काही केल्या हलेना. शेवटी क्लिक केलं तर तिच्यावर मीच कधीतरी ‘ऐतिहासिक’ची खूण करून ठेवली होती. अशी खूण असलेली इमारत बिल्डर पाडत नाही. खूण काढली. काही महिन्यांत तिथे परांची लागली आणि शेजारच्या दोन प्लॉटसकट मोठं ऑफिस उभं राहिलं.

टॉवर आल्यावर तो काळवंडून ओस पडला तर लगेच बुलडोझर फिरवू नका. बहुतेक वेळा खालच्या रस्त्यावर वाहनं तुंबलेली असतात आणि लोकांना कामावर वेळेत पोचता येत नाही. रहदारीचा नकाशा उघडा, लाल झालेला रस्ता रुंद करा, जवळ बस थांबा किंवा स्टेशन द्या. खेळाडूंनी तयार केलेला ‘नॅम’ (नेटवर्क ॲडऑन मॉड) हा मॉड, म्हणजे गेमला वरून जोडायची भर, टाकला तर लोक प्रवासाचा मार्ग जास्त शहाणपणाने निवडतात; मोठं शहर करायचं असेल तर तो मी टाकतोच. मग वर्षभर गेम चालू द्या. खिडक्यांत पुन्हा दिवे लागतात.